टेप ड्राइव्हमधलं वितळलेलं रबर: रोलर पुन्हा कसा बनवायचा?

चुंबकफीत (मूळ धागा)

नमस्कार मंडळी,

पाव इंची (पाव इंच रुंद फितीची) कार्ट्रिज घेणारी एक जुनी टेप ड्राइव्ह हाती आली आहे. सोबत डीसी६०० जातीची काही कार्ट्रिज आहेत. लेबलांवरून ते एका जुन्या युनिक्स यंत्राचे बॅकअप दिसतात. त्यातला मजकूर वाचायचा आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याची दुसरी प्रत कुठेही नाही.

ड्राइव्हला वीज दिली की दिवा लागतो, फीत वाचणारं हेड वर-खाली होऊन जागेवर येतं, मोटरही फिरते. अडचण आहे ती मोटरच्या शाफ्टवरच्या रबरी रोलरची. त्याला इअरबड टेकवला तर काळी तार निघते आणि लांबच लांब येत राहते. खालच्या बाजूने रबर ओघळून चॅसिसवर उतरलं आहे, वरच्या कडेला मात्र थोडा आकार अजून टिकून आहे. कार्ट्रिज अजून एकदाही आत घातलेलं नाही.

हे रबर असं का होतं? तयार रोलर मिळत नाही, तेव्हा हब (रोलरचा आतला गाभा) तोच ठेवून वर नवं रबर कसं चढवायचं? आणि कार्ट्रिजमध्येही काही करावं लागतं का? ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

रिळवाला

कार्ट्रिज आत घातलं नाही हे फार उत्तम केलंत. तो रोलर कार्ट्रिजच्या चाकाला टेकला असता तर तीच घाण तिथून आतल्या पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून थेट फितीवर गेली असती. जुनी ड्राइव्ह हाती आली की सगळ्यात आधी रबराला बोट लावून बघायचं, वीज नंतर. बोटाला चिकटलं, ठसा उमटला किंवा काळा डाग लागला तर तो रोलर संपला.

आता कारण. यातले बरेच रोलर पॉलियुरेथेनचे असतात, त्यातही पॉलिएस्टर जातीच्या. त्या साखळीतले एस्टर बंध हवेतल्या बाष्पाने तुटतात आणि तुटताना आम्ल तयार होतं. ते आम्ल पुढचे बंध आणखी वेगाने तोडतं. म्हणून वर्षानुवर्षं ठीक दिसणारा रोलर एकदा बिघडायला लागला की भराभर जातो. ड्राइव्ह वापरली काय, खोक्यात ठेवली काय, बाष्प पोचतंच. साध्या रबराचं दुखणं वेगळं: ते कडक होतं, त्याला चकाकी येते, ओझोनने चिरा पडतात. कडक झालेलं कधी कधी वाचवता येतं. वितळलेलं वाचत नाही, ते काढूनच टाकावं लागतं.

पाव इंची कार्ट्रिज ३एम कंपनीने १९७२ मध्ये आणलं. त्याची रचना मुळातच कॅसेटपेक्षा वेगळी आहे. ड्राइव्हचा रोलर फितीला हातच लावत नाही. रोलर कार्ट्रिजच्या कडेला दिसणाऱ्या चाकाला टेकतो, ते चाक आतला लवचीक पट्टा फिरवतं आणि तो पट्टा गुंडाळलेल्या फितीच्या दोन्ही गठ्ठ्यांना बाहेरून टेकून फीत ओढतो. म्हणजे सगळी ताकद त्या एका रबरी कडेतून जाते. टेक्ट्रॉनिक्स ४०५१, आयबीएम ५१०० आणि धाकट्या डीसी१०० कार्ट्रिजवर चालणारी एचपी-८५ हे जुने संगणक, डेक कंपनीची टीयू५८ टेप ड्राइव्ह, सगळीकडे तत्त्व हेच. डेकचाच व्हॅक्स-११/७३० संगणक सुरू करायलाही टीयू५८ लागायची. तिथेही रबर चिघळलं की अख्खं यंत्र अडून बसतं.

साफसफाईबद्दल: हातमोजे घाला. आधी लाकडी काडीने जेवढं निघेल तेवढं खरवडून काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अ‍ॅसिटोन नको, आसपासचं एबीएस प्लॅस्टिक विरघळेल. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा: पुसताना शाफ्ट खालच्या दिशेला राहील अशी ड्राइव्ह धरा. नाहीतर अल्कोहोलबरोबर ती घाण मोटरच्या बेअरिंगमध्ये उतरते आणि तिथून काढणं महाकठीण. हब पूर्ण स्वच्छ झाला पाहिजे, बारीक खाचांतही काही ठेवू नका.

पण पुसायच्या आधी एक काम! वरच्या कडेला आकार शिल्लक आहे म्हणता, तर त्याचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजून ठेवा आणि फोटो काढा. तो एकमेव पुरावा आहे.

---

शून्यएक

रिळवाल्यांना +१. वाचनखूण साठवली आहे.

एक शंका. हीट श्रिंक ट्यूबचे दोन-तीन थर हबवर चढवले तर नाही का चालणार? सहज मिळते, गरम केली की घट्ट बसते.

---

गोलाई

चालते, पण नाइलाज असेल तरच. हीट श्रिंक बहुधा पॉलिओलेफिनची असते. ती कडक आणि गुळगुळीत. कार्ट्रिजचं चाकही कडक प्लॅस्टिकचं. कडकाला कडक टेकलं की पकड राहत नाही, सुरुवात करताना आणि दिशा बदलताना रोलर घसरतो. शिवाय आकसताना तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही.

मी लेथवर काम करते, म्हणून यातल्या मापांबद्दल सविस्तर लिहिते. या ड्राइव्हमध्ये रोलरचा व्यास हाच फितीचा वेग आहे. मोटरच्या फेऱ्या इलेक्ट्रॉनिक्स सांभाळतं, पण एका फेरीत किती फीत सरकते ते रबराच्या परिघावर ठरतं. व्यास २ टक्के मोठा झाला तर वेगही २ टक्के वाढला. वाचताना सर्किट थोडाफार फरक सांभाळून घेतं. लिहिताना मात्र तुम्ही चुकीच्या घनतेची फीत तयार करता आणि ती दुसऱ्या ड्राइव्हवर अडते. म्हणून वेग तपासून होईपर्यंत फक्त वाचायचं. कार्ट्रिजवरचं फिरकीचं बटण फिरवून बाण ‘सेफ’कडे करून ठेवा.

दुसरं, रोलर मध्याशी किती जुळतो हे. समजा रोलरची त्रिज्या ७.३ मिमी आहे आणि रबर मध्यापासून ०.१ मिमी सरकलं आहे. वेग प्रत्येक फेरीत दोन्ही बाजूंना जवळपास १.४ टक्क्यांनी हेलकावतो. डोळ्यांना रोलर अगदी गोल दिसतो, बिट मात्र चुकतात. व्यासातली चूक स्थिर असते, तिच्याशी सर्किट जुळवून घेऊ शकतं. ही चूक सेकंदाला कित्येक वेळा बदलते, म्हणून मला ती जास्त घातक वाटते. रोलर झाल्यावर डायल गेज (बारीक हेलकावा काट्यावर दाखवणारं माप) लावून हाताने फिरवून बघाच.

मला सगळ्यात भरवशाची वाटलेली पद्धत म्हणजे रबरी नळी. आतला व्यास हबपेक्षा थोडा लहान हवा, म्हणजे ताणून बसवल्यावर ती स्वतःच्या ताणानेच पकडून राहते. ताणल्यावर भिंत पातळ होते, तेव्हा बाहेरचा व्यास किती येईल याचं गणित सोपं आहे: हबच्या व्यासाचा वर्ग, अधिक नळीच्या बाहेरच्या व्यासाचा वर्ग, वजा आतल्या व्यासाचा वर्ग, या सगळ्याचं वर्गमूळ. उदाहरणार्थ १० मिमीचा हब आणि आत ९, बाहेर १४ मिमीची नळी घेतली तर १०० + १९६ − ८१ = २१५, वर्गमूळ साधारण १४.६६. ताणताना नळी लांबीत किंचित आखडते, त्यामुळे प्रत्यक्षात व्यास यापेक्षा जरासा जास्तच भरतो. तेच बरं, कारण शेवटी घासून मापावर आणायचं असतं. लांबीही थोडी जास्त कापा आणि बसवल्यावर कडा छाटा.

घासताना हब स्वतःच्या अक्षावर फिरला पाहिजे. पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला चिकटवा, तो आडवा आधार देऊन हलकेच टेकवा, दाब देऊ नका. रबर दाबलं की दबतं आणि घासलंच जात नाही, सोडल्यावर परत फुगतं. आधी १८० नंबर, मग ४००. आरशासारखा गुळगुळीत करू नका, पकडीला थोडा खडबडीतपणा लागतो.

---

चुंबकफीत

गोलाई ताई, रिळवाले, मनापासून धन्यवाद. हब साफ झाला, पितळी आहे आणि बरोबर १० मिमी भरला. वरच्या कडेचं माप घेतलं, पण तिथलं रबरही फुगलेलं असावं, दर वेळी वेगळं माप येतं. मूळ व्यास ठरवायचा कसा?

---

गोलाई

वितळायला लागलेल्या रबराच्या मापावर विसंबू नका, ते फक्त अंदाजापुरतं. उलट बाजूने या. ड्राइव्हच्या कागदपत्रांत फितीचा वेग दिलेला असतो. मोटरच्या मागे खाचांची चकती आणि प्रकाश-संवेदक असेल तर तिथला स्पंद ऑसिलोस्कोपवर (सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) मोजा, खाचांच्या संख्येने भागा, सेकंदाच्या फेऱ्या मिळतील. मग व्यास = वेग ÷ (३.१४१६ × फेऱ्या).

---

चुंबकफीत

केलं! ड्राइव्हचा वेग सेकंदाला ९० इंच, म्हणजे २२८६ मिमी. मोटर सेकंदाला ५० फेऱ्या घेते. २२८६ ÷ १५७.०८ = १४.५५ मिमी. वरच्या कडेचं माप याच्या आसपासच येत होतं, म्हणजे हिशोब बरोबर दिसतोय.

---

गोलाई

छान. मग १४.६ च्या जरा खाली थांबा, अगदी १४.५५ वर नको. चाकाला टेकल्यावर रबर थोडं दबतं आणि त्या ठिकाणची परिणामी त्रिज्या किंचित कमी होते. उरलेली जुळणी फीत चालवून करता येते. घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही.

---

जुनेखोके

चांगली चर्चा. एक सुचवतो: वितळलेलं नसून नुसतं कडक झालं असेल तर विंटरग्रीन तेल, म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट, अल्कोहोलमध्ये मिसळून रोलर त्यात बुडवतात. रबर पुन्हा मऊ होतं. प्रिंटरच्या रोलरवर मी हे केलंय, उत्तम चाललं. टेप ड्राइव्हला का नको?

---

रिळवाला

प्रिंटरमध्ये कागद ढकलायचा असतो, तिथे ठीक आहे. ते तेल रबरात शिरून त्याला फुगवतं, मऊपणा त्या फुगण्यातूनच येतो. इथे व्यास म्हणजेच वेग, आणि तेल हळूहळू उडून जातं तसा व्यासही बदलत राहतो. आज जुळवलेला वेग पुढच्या महिन्यात तोच राहील याची खात्री कोण देणार? शिवाय रबरातून पाझरणारी कुठलीही गोष्ट फितीच्या वाटेवर नकोच. माझं मत ठाम आहे: डेटाच्या फितीजवळ हे तेल आणू नये. कडक रोलरची चकाकी पॉलिश पेपरने काढा, अल्कोहोलने पुसा आणि तरी घसरला तर बदला.

---

जुनेखोके

फुगण्याचा मुद्दा पटला. मग नळी कशाची घ्यावी? सिलिकॉन सगळीकडे दिसते.

---

गोलाई

सिलिकॉन बाष्पाने विघटत नाही, वर्षानुवर्षं मऊ राहते. दोष दोन. ती फाटते पटकन, कडेला छोटा चीर पडला की तिथून उसवत जाते. आणि तिला कुठलाही नेहमीचा गोंद धरत नाही, सुपरग्लूही नाही, म्हणजे ती फक्त ताणावर बसवावी लागते. धूळ बसली की पकडही कमी होते. तरी वाचण्यापुरत्या कामाला मी सिलिकॉन वापरायला हरकत घेणार नाही.

निओप्रीन हे कृत्रिम रबर मला जास्त आवडतं: घासलं छान जातं, पकड चांगली. नायट्राइल रबर नळीपेक्षा ओ-रिंगच्या (गोल रबरी कड्यांच्या) रूपात सहज मिळतं, बहुतेक ओ-रिंग ७० शोअर ए (रबराच्या कडकपणाचं एकक) कडकपणाच्या असतात. रुंदी कमी असलेल्या रोलरवर दोन-तीन ओ-रिंग शेजारी शेजारी बसवून वरून सपाट घासल्या तर झकास रोलर होतो. नायट्राइलला ओझोन सोसत नाही, एवढं लक्षात ठेवा. ईपीडीएम नावाचं रबर ओझोनला दाद देत नाही, पण तेलाचा थेंब लागला की बिघडतं आणि मोटरच्या बेअरिंगजवळ तेल असतंच.

साचा करून दोन भागांचं पॉलियुरेथेन ओतणारेही आहेत. तसं करणार असाल तर पॉलिइथर जातीचं घ्या, ते बाष्पाला पुष्कळ जास्त टिकतं. पॉलिएस्टर जातीचं ओतलंत तर हाच धागा काही वर्षांनी पुन्हा उघडावा लागेल. आणि ओतताना बुडबुडे राहू देऊ नका, घासल्यावर पृष्ठभागावर नेमके तेच खड्डे होऊन उघडे पडतात.

---

फीतधर

सगळे रोलरमध्ये गुंतलेत, पण मूळ धाग्यातला तिसरा प्रश्न राहिला: कार्ट्रिज. माझ्या मते जास्त नाजूक काम तेच आहे. ड्राइव्ह दुसरी मिळू शकेल, ती फीत मिळणार नाही.

आतला पट्टाही म्हातारा झालेला असतो. तो एकतर ढिला पडतो, किंवा पहिल्याच झटक्यात तुटतो, किंवा फितीच्या गठ्ठ्याला चिकटून बसतो. चिकटलेला पट्टा मोटरच्या जोराने सुटला तर फितीवरचा थर सोबत घेऊन जातो आणि मागे नागडं पारदर्शक प्लॅस्टिक राहतं. तिथला मजकूर कायमचा गेला. अनेक ड्राइव्ह कार्ट्रिज आत गेलं की आपणहून फीत पूर्ण पुढे नेऊन मागे आणतात, ताण सारखा व्हावा म्हणून. नव्या कार्ट्रिजला ते हिताचं, जुन्या पट्ट्याला जीवघेणं.

म्हणून मौल्यवान कार्ट्रिज आधी उघडा. डीसी६०० चे स्क्रू खालच्या धातूच्या पाटाकडून असतात. झाकण सरळ वर उचला, गठ्ठे हलू देऊ नका. पट्टा चिकटला असेल तर ओढू नका, गुळगुळीत लाकडी काडी खाली सरकवत इंचाइंचाने सोडवा आणि गठ्ठा त्याच वेगाने हाताने फिरवत राहा. मग नंतरच्या काळातल्या, त्याच आकाराच्या कोऱ्या कार्ट्रिजमधला चांगला पट्टा काढून इथे बसवा. तसं कार्ट्रिज नसेल तर योग्य मापाचं पारदर्शक पॉलियुरेथेनचं रबरबँड एका वाचनापुरतं काम देतं. मात्र ते पट्ट्याइतकं एकसारखं ताणत नाही, म्हणून पहिल्याच फेरीत सगळं वाचून घ्यायच्या तयारीने बसा आणि वाचन झाल्यावर ते काढून ठेवा.

आणखी एक, जे रबराच्या नादात हमखास राहून जातं. या कार्ट्रिजमध्ये फितीचं टोक रिळाला बांधलेलं नसतं. टोक जवळ आलंय हे ड्राइव्हला फितीतल्या भोकांवरून कळतं. कार्ट्रिजच्या कोपऱ्यात तिरका आरसा असतो, दिवा आणि संवेदक त्यातून भोकं बघतात. रबराचा शिंतोडा संवेदकावर बसला असेल किंवा आरशावर धूळ असेल तर भोक दिसत नाही, मोटर थांबत नाही आणि फीत रिळावरून सुटून बाहेर पडते. तुम्ही चॅसिसवर ओघळ पाहिलाय, तेव्हा संवेदक नक्की पुसा. आणि पहिली चाचणी ज्यात कामाचा मजकूर नाही अशाच कार्ट्रिजवर घ्या.

---

शून्यएक

बाप रे, टोक बांधलेलं नसतं हे माहीतच नव्हतं. फीतधर, फीतच चिकट झाली असेल तर भाजतात म्हणे, ते इथे लागू पडतं का?

---

फीतधर

काही जुन्या फितींमध्ये चुंबकीय कण धरून ठेवणारा बाइंडरही पॉलिएस्टर-युरेथेनचाच असतो. म्हणजे रोलरला जे झालं तेच फितीला होतं. उघड्या रिळांच्या फिती साधारण ५०-५५ अंश सेल्सिअसला बरेच तास ठेवतात, बाष्प निघून गेल्यावर त्या काही काळ वाजवता येतात. पण सगळ्या फितींना हा रोग नसतो, आणि कार्ट्रिज अख्खं भट्टीत घालणं तर नकोच, आत पट्टा आहे आणि प्लॅस्टिकचं झाकण आहे. हेडवर तपकिरी चिकट थर जमताना दिसला तरच याचा विचार करायचा, तोही पट्टा काढून.

---

कॅसेटप्रेमी

घरगुती संगणकांची कॅसेट ड्राइव्ह दुरुस्त करणाऱ्यांसाठी थोडं अवांतर, कारण वरचं गणित तिथे उलटं आहे. कॅसेटमध्ये फीत धातूचा बारीक कॅपस्टन (फिरता दांडा) ओढतो, रबरी पिंच रोलर फक्त दाबून धरतो. म्हणून पिंच रोलर घासून जरा लहान झाला तरी वेग बदलत नाही. तो गोल असावा, शाफ्टला समांतर टेकावा, एवढं पुरे. तिरका टेकला तर फीत वर किंवा खाली सरकून चुरगळते.

वेग बिघडतो तो पट्ट्यामुळे. ढिला पट्टा घसरतो, वेग सेकंदाला ४.७६ सेंमीवर स्थिर राहत नाही आणि लोडिंग अर्ध्यात अडकतं. नवा पट्टा घेताना जुन्याचं माप घेऊ नका, तो ताणलेला असतो. पुल्यांभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजा आणि त्यापेक्षा साधारण ५ टक्के लहान पट्टा घ्या. फार घट्ट घेतला तर मोटरच्या बेअरिंगवर ताण येतो. वेग जुळवायला ३१५० हर्ट्झची चाचणी फीत वाजवा आणि मोटरवरचा छोटा स्क्रू फिरवत वारंवारता तिथे आणा. हेडचा कोन त्यानंतर, आधी नाही.

---

चुंबकफीत

सगळ्यांच्या सूचनांप्रमाणे काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

निओप्रीनची आत ९, बाहेर १४ ची नळी मिळाली. हबवर चढवताना साबणाच्या पाण्याचा थेंब वापरला आणि पूर्ण वाळू दिली. घासण्याआधी १४.७ भरली, गोलाई ताईंच्या गणिताच्या अगदी जवळ. हब छोट्या ड्रिलमध्ये आडवा धरून, ठोकळ्यावरचा पॉलिश पेपर टेकवत १४.५८ वर आणली. डायल गेजवर काटा ०.०३ मिमीच्या आत हलतो.

संवेदकावर खरोखरच एक काळा ठिपका होता. तो पुसला. मग मजकूर नसलेलं कार्ट्रिज घालून पुढे-मागे चालवलं, दोन्ही टोकांना मोटर वेळेवर थांबली. दिशा बदलताना घसरल्याचा आवाज नाही. ऑसिलोस्कोपवर वाचलेल्या सिग्नलची वारंवारता अपेक्षेपेक्षा अर्ध्या टक्क्याच्या आत आहे.

बॅकअपच्या पहिल्या कार्ट्रिजचा पट्टा बदलून, बाण ‘सेफ’कडे करून वाचायला लावलं. पूर्ण उतरलं. दुसऱ्यात मध्ये एका ठिकाणी ब्लॉक (मजकुराचे तुकडे) वाचता येत नाहीत, ड्राइव्ह तिथे पुढे-मागे करत बसते. पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा का?

---

फीतधर

आधी थांबवा. ड्राइव्ह एकाच जागी पुढे-मागे करते तेव्हा त्याच काही इंच फितीवर हेड घासत राहतं आणि तिथला थर कमजोर असेल तर तो तिथेच खरवडला जातो. कार्ट्रिज काढा, हेड अल्कोहोलने पुसा, इअरबडवर काय रंग आला तो बघा. स्वच्छ निघाला तर पुनर्प्रयत्नांची संख्या कमी करून, वाचता न येणारे ब्लॉक सोडून पुढे जाईल असं वाचन लावा. आधी शेवटपर्यंतचा सगळा चांगला भाग हाती येऊ द्या. खराब जागेकडे सगळ्यात शेवटी परत या, तेही हेड पुन्हा पुसून.

---

रिळवाला

फीतधर म्हणतात तसंच करा. आणि काम थांबवाल तेव्हा कार्ट्रिज ड्राइव्हमध्ये तसंच ठेवू नका. आत असताना रोलर स्प्रिंगच्या जोराने चाकाला टेकलेला असतो आणि नव्या रबराला त्याच जागी खळगा पडतो. मग प्रत्येक फेरीत तोच धक्का बसतो आणि तुम्ही एवढ्या निगुतीने साधलेले ते ०.०३ मिमी वाया जातात.